टाचेच्या भेगेतून रक्त काऊन येते? – एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, "त्वचेचा बाहेरचा थर मेलेला असते म्हणता, तं टाचेच्या भेगेतून रक्त काऊन येते? कधी गावात येऊन पाहा," असं तुम्ही त्वचेवरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत. गावातच आहे. कापूस वेचणी चालू आहे आणि आईच्या दोन्ही टाचा फाटल्या आहेत. चूक झाली, कबूल.

बाह्यत्वचा अख्खी मेलेली नसते, मी घाईत तसं लिहून गेलो. तळाशी जिवंत पेशींचा थर असतो. तिथे नव्या पेशी तयार होतात, केराटिननं (नखं-केसांतलं कडक प्रथिन) भरत वर सरकतात आणि महिना-दीड महिन्यात गळून पडतात. मेलेला असतो तो फक्त सगळ्यात वरचा थर. पापणीवर पूर्ण बाह्यत्वचा जेमतेम ०.०५ मिलिमीटर, तळपायाला मात्र दीड मिलिमीटरच्या आसपास. अनवाणी राबणाऱ्याची त्याहून जाड.

आता भेग. ऊती म्हणजे एकत्र काम करणाऱ्या पेशींचा समूह, टिश्यू. बाह्यत्वचा ही अभिस्तर ऊती, म्हणजे अंग झाकणारी, तिच्यात रक्तवाहिन्या नसतातच. म्हणून वरवरची भेग कोरडी राहते, दुखतही नाही. जिवंत थरापर्यंत गेली की तिथे चेतातंतूंची टोकं असतात, मग पाय टेकवत नाही. रक्त दिसलं म्हणजे भेग बाह्यत्वचेखालच्या थरात, अंतस्त्वचेत उतरली; ती संयोजी ऊती, म्हणजे भाग जोडून धरणारी. रक्त हीसुद्धा संयोजी ऊतीच (नववीत मला हे काही केल्या पटत नव्हतं). रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू आकसतात आणि रक्त थांबायला मदत होते. घ्या, ऊतींचे चारही प्रकार – अभिस्तर, चेता, संयोजी, स्नायू – आईच्या टाचेतच निघाले! ती रात्री मेण-तेल कोमट करून भरते. वरचा थर मऊ राहतो, भेग पुढे फाटत नाही.

'ऊती' शब्दावरचा तुमचा राग मात्र मला मान्य नाही. टिश्यू म्हटलं की पंगतीतला हात पुसायचा कागद आठवतो. ऊत म्हणजे विणलेलं. पऱ्हाटीच्या मुलखात हा शब्द परका काऊन वाटावा?

तुमचा शेवटचा मुद्दा मात्र लागला. 'हा थर म्हणजे चिलखत' हे माझं वाक्य फवारणीवाल्यानं वाचलं तर? तो थर पाणी बऱ्यापैकी अडवतो, पण बरीच कीटकनाशकं तेलात विरघळणारी. पेशींमधल्या स्निग्ध पदार्थातून ती आत शिरतात, बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेल्या हातातून तर अधिकच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विसरून मी चिलखत लिहिलं. ते वाक्य काल रात्री काढलं. तिथे आता हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि फवारणी झाल्याबरोबर साबणानं अंघोळ, एवढंच लिहिलंय.