म्हणे तंबाखू एकदम सोडू नका!

वर्षानुवर्षं खाल्लेली तंबाखू एकदम सोडली तर शरीराला झटका बसतो, अशा सुरुवातीचा एक लांबलचक मजकूर फॅमिली ग्रुपांवर अधूनमधून उगवतो. तपशील दर वेळी थोडे बदलतात, गाभा तोच राहतो. मळलेली तंबाखू विडी-सिगारेटइतकी वाईट नसते, चुन्यातून कॅल्शियम मिळतं, मशेरीने दात पक्के होतात, तंबाखूने पोट साफ राहतं, आणि सोडायचीच असेल तर सुपारीवर येत येत सावकाश सोडा. पुढे ढकलणारा बहुतेक वेळा स्वतःच खाणारा असतो. त्याला आणखी थोडी मुदत हवी असते, आणि हा मजकूर ती आयती देतो.

एकदम सोडली तर झटका बसतो. ही भीती मूळची दारूची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, प्रसंगी जिवावर बेततं. तिथे डॉक्टरच्या देखरेखीशिवाय सोडू नये, हे खरंच. तंबाखू सोडल्यावर असला धोका नसतो. चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, सारखं तोंडात काहीतरी टाकावंसं वाटतं. हा त्रास खोटा नाही, घरच्यांना विचारा! पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो कळसाला जातो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. हृदयाचं म्हणाल तर ठोके वाढवतं आणि रक्तदाब चढवतं ते निकोटिन. ते बंद झाल्याने हृदयावर ताण येईल कुठून?

सावकाश की एकदम, याची परीक्षाही झाली आहे. इंग्लंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या 697 जणांचे दोन गट केले. एका गटाने दोन आठवडे कमी करत करत सोडली, दुसऱ्याने ठरल्या दिवशी एकदम. समुपदेशन आणि औषधी निकोटिन दोघांनाही दिलं. 2016 साली निकाल आला. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले 49 टक्के टिकून होते, सावकाशवाल्यांतले 39. सहा महिन्यांनी हेच आकडे 22 आणि साडेपंधरावर आले, म्हणजे परत वळणारे दोन्हीकडे पुष्कळ. प्रयोग खाणाऱ्यांवरचा नव्हता, हेही लक्षात ठेवा. पण एकदम सोडल्याने मोठी आपत्ती कोसळते, असं त्यातून काही निघालं नाही.

तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही. हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त चालतं. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, आणि सकाळच्या चिमटीची सवय लागलेलं पोट ती मिळाली नाही की काही दिवस रुसतं. त्याला उपाय साधे आहेत: पाणी, पालेभाजी, चालणं, अगदीच अडलं तर इसबगोल. बद्धकोष्ठावर औषध म्हणून कर्करोगाचा धोका पत्करायचा, हा व्यवहार कोणत्या वाण्याला पटेल?

चुन्यातून कॅल्शियम मिळतं. खाणारा बार भरतो, तासभर ओठाआड धरतो आणि मग थुंकतो. पिचकारीबरोबर भिंतीवर गेलेलं कॅल्शियम हाडांना कसं मिळणार? तळहातावर तंबाखू घेऊन, डबीतला चुना बोटाने लावून अंगठ्याने रगडण्यामागे रसायनशास्त्र आहे. चुना अल्कधर्मी. त्याच्यामुळे निकोटिन अशा रूपात मोकळं होतं की ते तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून चटकन रक्तात उतरतं. बिनचुन्याची तंबाखू फिकी लागते, ती याचसाठी. शिवाय चुना आतली कातडी भाजून काढतो. बार नेहमी जिथे ठेवतात तिथलीच जागा पांढरी, सुरकुतलेली का दिसते, ते आरशात ओठ उलटा करून बघावं.

मशेरीने दात पक्के होतात. या दाव्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो बायकांच्या माथी मारला जातो. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची आणि बोटाने हिरड्यांवर घासत बसायचं. घरात कोणी याला व्यसन म्हणत नाही, दात घासणंच समजतात. सकाळी एकदा, मग जेवणानंतर, मग दुपारी जरा टेकल्यावर. दिवसातून इतक्या वेळा कोणी ब्रश करतं का? दुखऱ्या दाताला तात्पुरतं बरं वाटतं, तेवढ्यात कीड आत पोखरत राहते आणि हिरड्या दात सोडायला लागतात. गरोदरपणी तर मळमळीवर उतारा म्हणून हीच पूड पुढे केली जाते. मुंबईत 1217 गर्भवतींवर झालेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅम हलकी भरली, आणि त्यांच्यात मुदतीआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. त्या बायका मुख्यतः मशेरीच वापरत होत्या.

धूर नाही, म्हणजे धोका कमी. फुप्फुसांपुरतं काही प्रमाणात खरं. तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड यांच्यापुरतं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बिनधुराची तंबाखू कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे, सिगारेटच्या धुराच्याच पंगतीत. आपल्याकडचं दुखणं तर मुळात खाण्याचंच. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि 24.4 टक्के बिनधुराची तंबाखू वापरणारे.

आमचे आजोबा नव्वदीपर्यंत खात होते. असतील. चाळिशीत जबडा काढावा लागलेल्यांचे नातू असले मेसेज पाठवत नाहीत.

सुपारीवर या, मग सोडा. सुपारी स्वतःच त्याच पहिल्या गटात आहे. तिच्याने तोंडाच्या आत तंतू वाढून कातडी ताठर होत जाते. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडेनासं होतं. उभी तीन बोटं तोंडात मावत नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे लगेच जावं. 2012 साली राज्याने गुटख्यावर बंदी घातल्यावर टपरीवर सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळू लागली, गिऱ्हाईक दोन्ही फोडून एकत्र करायला लागलं. सुपारीवर येणारा माणूस त्या दुसऱ्या पुडीपासून हातभरसुद्धा लांब नसतो.

आता या वयात सोडून काय उपयोग? ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर 1951 पासून पन्नास वर्षं चाललेल्या पाहणीत सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीत सोडणाऱ्यांना त्यातली तीन वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ.

आता तलफेचं काय करायचं? 1800-11-2356 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, तिथे समुपदेशक बोलतात. औषधाच्या दुकानात निकोटिनचं च्युइंगगम मिळतं. गरोदर असाल किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरला विचारा. ते साध्या च्युइंगगमसारखं सारखं चघळलं तर उचकी लागते, पोटात जळजळ होते. हळूहळू चावायचं, झणझणलं की थांबायचं, गालाआड ठेवून द्यायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. बार धरायची सवय असलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त त्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही आणि माणूस ‘गमने काही होत नाही’ म्हणत परत चुन्याची डबी शोधतो.