'एसीत बसून' लिहिणाऱ्याचं उत्तर

नमस्कार 'फिटरमित्र',

मॅक्सिमोवरची, म्हणजे कारखान्यातल्या देखभाल-दुरुस्तीच्या नोंदी ठेवणाऱ्या आयबीएमच्या सॉफ्टवेअरवरची, तुमची प्रतिक्रिया वाचली. टोपणनावाने लिहिलंत, हरकत नाही. पण "एसीत बसून रकाने सक्तीचे करणारे तुम्ही, नाइट शिफ्टला ग्रीसच्या हातांनी ते भरणारे आम्ही" हे वाक्य लागलं. मुद्दा असेल तुमचा, पण तो असा मांडायचा?

माझी सुरुवात भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्येच झाली. जावा प्रोग्रामिंग नंतर शिकलो. ब्रेकडाउन रजिस्टरात "पंप बंद होता, चालू केला" एवढंच लिहून मीही सही ठोकलीय. तेव्हा ग्रीस म्हणजे काय ते मला शिकवू नका.

आता सक्तीचं. मॅक्सिमोत फेल्युअर रिपोर्टिंगला प्रॉब्लेम, कॉज, रेमेडी अशी साखळी असते. पंप गळतोय, सील झिजलंय, सील बदललं. ती भरल्याशिवाय वर्क ऑर्डर (दुरुस्तीच्या कामाची नोंद) 'कम्प्लीट' होऊच द्यायची नाही, ही अट आम्ही घरून आणत नाही. ती तुमचेच मेंटेनन्स मॅनेजर मीटिंगमध्ये मागतात, रिक्वायरमेंटवर सही करतात, आणि मग मी छोटीशी ऑटोमेशन स्क्रिप्ट लिहितो: स्टेटस बदलताना कॉज रिकामं दिसलं की एरर.

आणि ते मागतात ते काही हौस म्हणून नाही. एकाच पंपाचं सील पुन्हा पुन्हा जातंय, तर दोष सीलचा की अलाइनमेंटचा, म्हणजे पंप-मोटरच्या जुळणीचा? कॉज कुणी लिहिलंच नाही, तर स्टोअर्स आपलं सील मागवत बसणार. शिव्या घालायच्याच तर निदान पत्ता बरोबर शोधा, साहेब.

"निम्मे लोक 'इतर' निवडून मोकळे होतात, म्हणजे तुमचे रिपोर्ट खोटे" असंही म्हणालात. होत असेल तसं. तो शिस्तीचा प्रश्न आहे, सॉफ्टवेअरचा नाही. त्यात मी पडत नाही.

एक मान्य: वर्क ऑर्डरच्या स्क्रीनवर टॅबची गर्दी फार आहे. न्याय म्हणजे न्याय.

राहिलं "1985 सालचं जुनाट सॉफ्टवेअर". आयबीएमने 2006 मध्ये एमआरओ सॉफ्टवेअर ही कंपनी घेतली, तिच्याबरोबर मॅक्सिमो आलं, आणि आज ते ओपनशिफ्ट या आधुनिक क्लाउड प्लॅटफॉर्मवर कंटेनरमध्ये चालतं. आधी माहिती घ्या, मग बोलू.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच उत्तर मिळेल. आणि हो, तुमच्याकडे पंपाच्या कॉजची यादी केवढी लांब आहे, आणि त्यात 'इतर' कितव्या नंबरवर आहे, तेवढं जरूर कळवा.