साठ रुपयांच्या बल्बासाठी तीन फेऱ्या : भांडुपच्या गॅरेजमधून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. एक स्टार आणि खाली तीन तक्रारी. गरज नसताना नवी बॅटरी गळ्यात मारली, त्यानंतरही गणपतीला गावी निघायच्या पहाटे गाडी सुरू झाली नाही, आणि शेवटी साठ रुपयांचा बल्ब निघाला त्यासाठी गाडी दोन रात्री ठेवून वर १७०० रुपये मजुरी घेतली. "यूट्यूबवर पोरं दहा मिनिटांत फ्यूज काढून शोधतात," असंही लिहिलंय. रात्रीच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण रागात लिहिलेलं सकाळी वाचवत नाही, म्हणून आज लिहितोय.

आधी आमची चूक. पहिल्यांदा गाडी आणलीत तेव्हा मी दुकानात नव्हतो. कामावरच्या पोराने लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून तिची ताकद बघायचं यंत्र) लावला, बॅटरी बसलेली दिसली. गाडी चालू करून चार्जिंग बघितलं, ते १४.२ व्होल्ट, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठीक. चार वर्षांची बॅटरी होती, त्याने बदलून दिली. बॅटरी गेली एवढं त्याने पाहिलं, ती का गेली हे पाहिलं नाही. गाडी बंद असताना करंट कुठे जातोय का, हे मीटर लावून बघायला हवं होतं. अर्धा-पाऊण तासाचं काम होतं. ते झालं असतं तर कदाचित तुम्हाला चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे साडेचारला सामान भरलेल्या गाडीत सेल्फची (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरची) नुसती टकटक ऐकावी लागली नसती. तुमचा फोन मी सात वाजता बघितला, तोवर शेजाऱ्यांनी जंपर लावून गाडी काढून दिली होती. त्याबद्दल तेव्हाही माफी मागितली होती, आता सगळ्यांसमोर मागतो.

पण "गरज नसताना" हे मला मान्य नाही. तुमची जुनी बॅटरी अजून माझ्याकडे आहे. परवा ती चोवीस तास हळू चार्जिंगला लावली आणि दुसऱ्या दिवशी मोजली. १२.३ व्होल्ट. चांगली बॅटरी पूर्ण भरली की १२.६ च्या खाली राहत नाही. मग लोड दिला, पंधरा सेकंदांत ८.९ वर आली. ९.६ च्या खाली गेली की ती गेली असं आम्ही धरतो. आता ती वयाने मेली की त्या बल्बाने मारली? माझ्या मते बल्बाने. वरचेवर पूर्ण उतरली की आतल्या प्लेटांवर पांढरा थर धरतो, मग चार्ज घेतच नाही. तरीही बदलावी लागणारच होती, म्हणून बॅटरीचे पैसे परत देणार नाही. रविवार सोडून कधीही या, तुमच्यासमोर परत टेस्टर लावतो.

आता बल्बाचं. गावाहून आल्यावर तुम्ही गाडी आणलीत, तेव्हा मी स्वतः बसलो. निगेटिव्ह टर्मिनल काढून मध्ये मीटर लावला. दरवाजे उघडे ठेवून सगळ्यांच्या लॉकच्या खिट्ट्या स्क्रूड्रायव्हरने दाबल्या, म्हणजे गाडीला वाटतं दरवाजे बंद आहेत. चावी लांब, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. (या वेळी पोराला गाडीच्या आसपास फिरकू देत नाही. मागे एकाने मीटर लावलेला असताना सेल्फ मारला आणि मीटरचा फ्यूज उडवला.) सुरुवातीला ३ अँपिअर दाखवत होता. घाबरायचं कारण नाही, गाडीतले सगळे कंट्रोलर, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, तेव्हा जागे असतात. ते एकेक करून झोपतात. पाच मिनिटांनी ०.६ झाला, पंचवीस मिनिटांनी ०.०३. म्हणजे तीस मिलीअँपिअर. पन्नासच्या आत असेल तर गाडी निरोगी. घड्याळ, लॉक, सायरन यांना तेवढं लागतंच.

मी तुम्हाला सांगितलं, काही लीक नाही, म्हणजे बंद गाडीत करंट वाया जात नाही. पाचशे घेतले, गाडी दिली. रविवारी रात्री पार्किंगमध्ये लावलीत, बुधवारी सकाळी पुन्हा मेलेली.

यूट्यूबवाल्या पोरांचं म्हणाल तर फ्यूज काढून बघायची पद्धत जुन्या गाड्यांना चालायची. आताच्या गाडीत एक फ्यूज काढून परत घातला की झोपलेला कंट्रोलर जागा होतो आणि पुन्हा अर्धा तास थांबा. म्हणून आम्ही फ्यूज काढत नाही. फ्यूजच्या वरच्या दोन टोकांना मीटरची टोकं टेकवून मिलिव्होल्ट बघतो. ज्या फ्यूजमधून करंट जातोय तिथेच काहीतरी दाखवतो, बाकी सगळीकडे शून्य. तिसऱ्या वेळी गाडी ठेवून घेतली ती यासाठी. रात्रभर मीटर लावून ठेवला, सकाळी बघतो तर २८ मिलीअँपिअर. अल्टरनेटरची मोठी वायर सोडून बघितली, त्याच्या आतल्या डायोडमधून करंट गळत असेल तर तिथे कळतं. काही नाही. डिकीचा दिवा, स्टिरिओ, मागचा कॅमेरा, सगळं बघून झालं. पावसाळ्यात पार्किंगमधले उंदीर वायरी खातात, म्हणून खालून टॉर्च मारून तेही पाहिलं. खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी हात टेकले होते. माझ्याकडे गाडी दोन दिवस उभी राहून ठणठणीत आणि तुमच्याकडे तीन दिवसांत थंड!

मग मी तुम्हाला फोन केला, आठवत असेल. विचारलं, "ताई, घरी उभी असताना गाडीत काय काय असतं?" तुम्ही जरा वैतागूनच म्हणालात, "काय असणार? गाडीचे कागद नि आरतीचं पुस्तक."

कागद! गाडी जमा करताना आमचा पोरगा डॅशबोर्डच्या कप्प्यातलं सगळं पिशवीत भरून गिऱ्हाईकाच्या हातात देतो. नंतर हे हरवलं, ते हरवलं नको, म्हणून मीच लावलेली शिस्त. म्हणजे माझ्याकडे गाडी दोन्ही वेळा रिकाम्या कप्प्याने तपासली गेली होती.

तुमचे मिस्टर ती पिशवी घेऊन आले. आरसी, विमा, तीन वर्षांच्या पीयूसी असलेली जाडजूड फाइल, आरती संग्रह, घडीची छत्री. सगळं होतं तसं आत कोंबलं आणि झाकण लावलं. खटका लागला. बाहेरून बघाल तर व्यवस्थित बंद. पण वरच्या कोपऱ्यात नखभर फट, आणि आतल्या दिव्याचा स्विच नेमका त्याच कोपऱ्यात. झाकण त्याला पुरतं दाबतच नव्हतं. थोड्या वेळाने मीटर बघितला तर ०.४४. माझा फोन व्हिडिओ चालू करून आत ठेवला, झाकण लावलं, काढून बघितला तर आत दिवाळी. तो व्हिडिओ तुम्हाला पाठवलाय. झाकण जोरात लावलं की दिवा विझायचा, हलक्या हाताने लावलं की राहायचा, म्हणून कधी गाडी आठवडाभर चालायची आणि कधी नाही.

पाच वॅटचा बल्ब, हो. पण तो दिवसाला दहा अँपिअर-अवर खातो (बॅटरीतला साठा यातच मोजतात) आणि तुमची बॅटरी आहे ३५ अँपिअर-अवरची. आठवडाभर तुम्ही लोकलने जाता, गाडीला हात लागत नाही, बुधवारपर्यंत सेल्फ मारायला काय उरणार? काही गाड्यांत असे दिवे थोड्या वेळाने आपोआप तोडायची सोय असते. तुमच्या मॉडेलमध्ये त्या दिव्याला सरळ बॅटरीचा सप्लाय आहे. म्हणून आम्ही नुसता स्विच नीट बसवून थांबलो नाही, बल्बच्या जागी एलईडी टाकला. उद्या चुकून चालू राहिलाच तर दिवसाला एक अँपिअर-अवरच्या आसपास जाईल, शनिवारी गाडी सुरू होईल.

मजुरीचं असं. दुसऱ्या फेरीचे ५०० आज सकाळी तुमच्या नंबरवर परत पाठवलेत. "काही लीक नाही" हे चुकीचं उत्तर देऊन मी ते घेतले होते. शेवटचे १२०० परत देत नाही. दोन दिवस माझी एक जागा अडली, वाट बघण्यात आणि शोधण्यात माझा वेळ गेला, आणि गाडी नीट झालीय. बल्बाचे साठ रुपये बिलात नव्हतेच, ते तुम्ही रागात मोजलेत.

स्टार बदला असं म्हणत नाही, पहाटेचा तो प्रकार माझ्या घरी झाला असता तर मीही एकच दिला असता. एक काम मात्र राहिलंय. नवी बॅटरीही दोनदा पूर्ण उतरलीय, त्यामुळे पुढच्या शनिवारी दहा मिनिटं गाडी आणा, मोजून घेऊ, पैसे नाहीत. छत्री दरवाजाच्या कप्प्यात ठेवा. आणि ५०० आले का तेवढं कळवा, नंबर जुन्या बिलावरून घेतलाय.