अर्ध्या दिवसाची सहल कशी करावी

मुंबईत राहून एखाद्या रविवारी जंगल पाहावे आणि त्याच दिवशी समुद्रकाठचे एखादे जुने गावही पाहून यावे असे आपल्या मनात आले, तर ते स्वतःचे स्वतः जाऊन पाहण्याचा वेडेपणा कृपया करू नये. त्यासाठी आता मार्गदर्शकासह अर्ध्या दिवसाच्या सहली निघतात. सकाळी सहाला दादरहून निघायचे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी पाहायची, तेथून वसईचा किल्ला व बंदर गाठायचे, ‘अस्सल वसईचे घरगुती जेवण’ जेवायचे आणि दुपारी दोनच्या सुमारास घरी येऊन वामकुक्षी करायची, असा त्यांचा बेत असतो. ऑगस्टमधल्या एका रविवारी माणशी 1,450 रुपये भरून मी ही सहल केली. सोबत नागपूरहून आलेली माझी 72 वर्षांची आत्या होती, जिला मुंबईत जंगल आहे यावर विश्वास बसत नव्हता. या अनुभवातून मला जे शहाणपण आले, ते माझ्यापाशीच ठेवणे स्वार्थीपणाचे होईल.

सर्वप्रथम, दिलेल्या वेळेवर जाऊ नये. आम्ही पावणेसहाला पुलाखाली उभे राहिलो, साडेसहाला बस आली आणि सात वाजून दहा मिनिटांनी ती निघाली, कारण एक अकरा जणांचे कुटुंब पहाटेपासून दर दहा मिनिटांनी ‘निघालोच आहोत’ असा निरोप पाठवत होते. ‘निघालो’ हा शब्द मुंबईत आंघोळीला जाताना उच्चारण्याची पद्धत आहे, हे आत्याला कोणी सांगितले नव्हते.

छत्री नेऊ नये. टूरवाले प्रत्येकाला आपला फोन नंबर छापलेली नारिंगी कापडी टोपी देतात, आणि तिचा रंग पहिल्याच सरीत कपाळावर उतरत असल्यामुळे हरवलेला प्रवासी लांबूनही ओळखू येतो.

घरून नाश्ता करून निघू नये, कारण कांदिवलीला चाळीस मिनिटे थांबून सगळ्यांनी मिळून तो करायचा असतो आणि त्याचे पैसे वेगळे असतात.

उद्यानात शिरल्यावर बिबट्यावर लक्ष केंद्रित करावे. आमच्या गाइडने माइकवरून जाहीर केले की, ज्याला बिबट्या प्रथम दिसेल त्याला बक्षीस मिळेल. त्यावर बसमधल्या सगळ्या मुलांनी आणि निम्म्या बापांनी खिडक्यांतून आरोळ्या द्यायला सुरुवात केली. रात्री हिंडणारे ते सावध जनावर पावसातल्या सकाळी नऊ वाजता, आरोळ्या ऐकून, रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहील, असा सर्वांचा हिशेब असावा. या गडबडीत साधारण 104 चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात विहार आणि तुळशी असे दोन तलाव आहेत, पहिला 1860 मध्ये आणि दुसरा 1879 मध्ये पूर्ण झाला, आणि या शहराच्या तोंडचे पाणी आजही काही अंशी तेथूनच येते, असल्या किरकोळ गोष्टी सांगायला गाइडला सवड मिळाली नाही. आत्या शांतपणे खिडकीबाहेर पाहत होती. तिने मला एवढेच विचारले, “काय रे, हे लोक घरी पण असेच ओरडतात?”

आता कान्हेरीविषयी. येथे फार वेळ घालवू नये. सुमारे हजार वर्षे खपून भिक्षूंनी आणि पाथरवटांनी काळ्या खडकात शंभराहून अधिक लेणी कोरली, म्हणून आपणही तेथे रेंगाळावे असा काही नियम नाही. आम्हाला पस्तीस मिनिटे मिळाली, त्यांपैकी दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत आणि आठ समूहछायाचित्रात गेली. गाइडने कमरेला एक लहान लाउडस्पीकर बांधला होता. तो तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, त्या खांबांच्या दोन रांगांमध्ये स्तूपासमोर उभा राहिला आणि त्या लाउडस्पीकरमधून म्हणाला, “इथे पूर्वीचे साधू लोक राहायचे. एको चेक करून घ्या. पंधरा मिनिटांनी खाली भेटू.” एको चेक करण्यात आला. एका गृहस्थांनी दोन बोटे तोंडात घालून शिट्टी मारली, त्यांच्या मुलाने त्याहून मोठी मारली, आणि बाहेरच्या ओसरीत सुमारे 7 मीटर उंचीच्या ज्या दोन बुद्धमूर्ती उभ्या आहेत, त्यांच्या पायाशी एक नवविवाहित जोडपे रील काढण्यासाठी तीन वेळा तोच लटका राग धरून तीन वेळा तोच समेट करत होते. बाकीची मंडळी माकडांना वेफर्स चारण्यात गुंतली होती. तेथे चारू नका असे लिहिलेला फलक होता, आणि एका माकडाची पिशवीवर झडप पडेपर्यंत त्या फलकालाच टेकून हा कार्यक्रम चालला होता.

आत्याने गाइडला एक प्रश्न विचारला. “एवढे लोक इथे डोंगरावर राहायचे, तर पाणी कुठून आणायचे?” गाइड म्हणाला, “काकू, वरून.”

हे उत्तर चुकून बरोबर होते. कान्हेरीचे पाणी खरोखरच वरून यायचे. चार महिन्यांचा पाऊस डोंगराच्या माथ्यावरून खडकात खोदलेल्या पन्हळींनी खाली उतरवून लेण्यालेण्यापाशी कोरलेल्या टाक्यांत साठवायचा आणि उरलेले आठ महिने तो पुरवायचा, अशी ती व्यवस्था होती, आणि आम्ही गेलो त्या दिवशी ती आमच्या डोळ्यांदेखत चालू होती, कारण पाऊस पडत होता, पन्हळी वाहत होत्या आणि टाकी भरून सांडत होती. दोन हजार वर्षांच्या आसपासची एक पाणीयोजना पायाशी झुळझुळत असताना आम्ही शिट्ट्या मारत होतो. त्या टाक्यांना तेथल्या शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. ती खोदण्यासाठी पैसे देणाऱ्यांची नावे आणि गावे तेथेच कोरलेली आहेत, आणि त्या दात्यांत सोपारा, कल्याण, चौल अशा बंदरांचे व्यापारी आहेत. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारे, वसईच्या शेजारचे! म्हणजे ज्या जंगलातून आमची बस ज्या किनाऱ्याकडे निघणार होती, त्या किनाऱ्यावरच्या गलबतांचा पैसा दोन हजार वर्षांपूर्वी त्याच जंगलात पाणी साठवायला आला होता. हे एक वाक्य, फक्त एक वाक्य जरी त्या लाउडस्पीकरमधून बाहेर पडले असते, तरी या दोन जागा एकाच दिवशी का पाहायच्या, याचे उत्तर पन्नास माणसांना मिळाले असते आणि 1,450 रुपये वसूल झाले असते. ते सांगायला पुरातत्त्वातली पदवी लागत नाही. आदल्या रात्री अर्धा तास वाचावे लागते. परंतु ज्याने वाचले नाही त्याच्या हातात माइक देणे ही आपल्याकडची सार्वत्रिक प्रथा असल्याने एकट्या गाइडला दोष देण्यात अर्थ नाही. असो. मी सल्ले देत होतो.

अकरा डोकी असलेला अवलोकितेश्वर बोधिसत्त्व 41 क्रमांकाच्या लेण्यात आहे. तो पाहू नये. तेथवर चढण आहे.

बोरिवलीहून वसईला जाताना लोकलचा विचारही मनात आणू नये. ती मध्ये फक्त चार स्थानके घेते, वसईच्या खाडीवरून जाताना दारातून पाणजू बेट दाखवते आणि साधारण पंचवीस मिनिटांत पोहोचवते, त्यामुळे सहल केल्यासारखे वाटत नाही. खाडी ओलांडायला 2024 पासून भाईंदर ते वसई रो-रो बोटही सुरू झाली आहे, पण तिचेही नाव काढू नये. आपण दहिसर टोलनाका, मग काशिमिरा, मग घोडबंदरचा तो वर्सोवा पूल या मार्गानेच जावे. फाउंटन हॉटेलपाशी वाहतुकीच्या कोंडीत काय झाले ते मी लिहीत नाही. ज्यांनी भोगले आहे त्यांना ते सांगण्याची गरज नाही आणि ज्यांनी भोगलेले नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. आमच्या बसने या प्रवासाला दोन तास पाच मिनिटे घेतली. त्यात अंताक्षरी झाली. ‘म’ अक्षर सतरा वेळा आले.

यानंतर खरेदी. वेळापत्रकात ‘स्थानिक खासियतींचे प्रदर्शन’ असे लिहिलेले होते, म्हणून आत्या उत्साहाने उतरली, कारण वसईच्या सुकेळ्यांविषयी तिने फार ऐकले होते. महामार्गाच्या कडेला पत्र्याच्या एका मोठ्या शेडमध्ये काश्मीरचे बदाम, राजस्थानचे सुपारीचे मुखवास, गुडघेदुखीचे तेल आणि ‘निर्यातीच्या दर्जाच्या’ चादरी होत्या. सुकेळी कोठे आहेत असे विचारताच विक्रेत्याने आधी गाइडकडे आणि मग वाळवलेल्या अंजिरांकडे पाहिले. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात तेव्हा सुकेळी होतात, आणि वसईतल्याही थोड्याच घरांत आता हे काम चालते. अहमदाबाद महामार्गावर भर पावसात ती ढिगाने मिळतील असे समजणे हा आमचाच भोळेपणा होता. या शेडला पन्नास मिनिटे दिली गेली. कान्हेरीला पस्तीस. हे दोन आकडे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही, परंतु वाचकांनी ते दुसऱ्यांदा वाचावेत.

किल्ल्यात शिरल्यावर गाइडवर शंका घेऊ नये. आमच्या गाइडने बंद छत्री तलवारीसारखी उगारून सांगितले की, हा किल्ला शिवाजी महाराजांनी 1739 मध्ये इंग्रजांकडून जिंकला. लगेच घोषणा झाली आणि सगळ्या नारिंगी टोप्या हवेत गेल्या. महाराजांचे निधन 1680 मध्ये झाले. किल्ला होता पोर्तुगीजांचा, आणि दोन वर्षे चाललेल्या मोहिमेच्या अखेरीस तो घेतला चिमाजी अप्पांनी, ज्यांचा पुतळा तेथेच उभा आहे. तो आम्ही नंतर पाहिला, म्हणजे त्याच्या पायरीवर बसून टोप्या पिळल्या. पराभूत पोर्तुगीजांना सन्मानाने बाहेर पडू दिले गेले, आणि वसई भागातल्या चर्चच्या घंटा पुढे भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीला जाऊन देवळांत वाजू लागल्या, हे सगळे राहिले. मी घोषणेत सामील झालो, हेही कबूल करतो. घोषणा चालू असताना ‘पण नाव चुकले’ असे म्हणणाऱ्याकडे पन्नास माणसे कशी पाहतात, याची कल्पना असल्याने मी हात वर केला आणि ओरडलो. महाराजांचे नाव घेऊन चुकीचा इतिहास सांगितला की कोणी तोंड उघडत नाही, हे त्या गाइडला पक्के ठाऊक आहे, आणि मी त्याचा अंदाज खरा ठरवला.

तटावर, चर्चच्या पडक्या भिंतींवर, जेथे हात पोहोचतो तेथे नावे कोरलेली आहेत. काही बदामांत बाण आहेत. एकाने मोबाइल क्रमांकही दिला आहे.

शेवटी बंदर. समुद्रकाठचे गाव पाहायचे म्हणून आलेल्यांनी समुद्रकाठी जाऊ नये. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता, किल्लाबंदरच्या बाजूला नव्या रंगाच्या होड्या लागलेल्या तटावरून दिसत होत्या, बर्फ चढत होता, जाळी सारखी करत बायका-पुरुष बसले होते, आणि आत्याला नेमके तेच पाहायचे होते; विदर्भातल्या माणसाला समुद्राचे जे अप्रूप असते ते आपल्याला कळणार नाही. गाइड म्हणाला, “तिकडे नको काकू, मासळीचा वास येतो. जेवायला उशीर होईल.”

अहो, मग आणलेत कशाला? कोळ्यांच्या बंदराला मासळीचा वास येतो म्हणून ते वगळायचे, जंगलाला शांतता आहे म्हणून तेथे माइक न्यायचा, लेण्यांना चढ आहे म्हणून खालूनच परतायचे, आणि दुकानात मात्र पन्नास मिनिटे, कारण तेथून तुम्हाला टक्केवारी मिळते. कागदावर तुम्ही ‘निसर्ग, इतिहास आणि कोकणी किनारा’ लिहिता आणि विकता एक बस, एक टोपी आणि चादरी. तुम्हाला कान्हेरी ठाऊक नाही, वसई ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नाही. आणि आपण प्रवासी? शिट्ट्या तुम्ही-आम्हीच मारल्या. वेफर्सची पाकिटे टाक्याच्या पाण्यात आपल्याच मुलांनी सोडली आणि आपण पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी ‘मस्त ट्रिप’ म्हणून अंगठे आपणच पाठवले. पैसे मोजून मेंढरांसारखे हाकलून घ्यायची हौस आपल्याला आहे, म्हणून हा धंदा चालतो. घरात चांगली शिकलेली माणसे असताना, हातात फोन असताना, बोरिवलीहून पंचवीस मिनिटांवर असलेल्या गावाला जायला आपल्याला टोपीवाला माणूस का लागतो, याचे उत्तर मी स्वतःलाही देऊ शकलेलो नाही.

आत्याने ते दिले. ती म्हणाली, “तू बस इथंच तुझ्या बसमध्ये, मी होड्या पाहून येतो.” आणि बाई चालू लागली. मी मागून गेलो. चिखल होता, वास होता, एका म्हाताऱ्या कोळिणीने तिला जाळे कसे ओवतात ते दाखवले आणि नागपुरात मासे मिळतात का, अशी चौकशी केली. दीड तासाने आम्ही वसई रोडला रिक्षाने गेलो आणि रविवारचा ब्लॉक असूनही साडेपाचला दादरला उतरलो. अर्ध्या दिवसाची ती बस साडेसातला पोहोचल्याचे नंतर समजले.

टूरवाल्यांना एकच कळवायचे आहे. ते घरगुती जेवण, ज्यात पनीर आणि नूडल्स होते असे आम्हाला सांगण्यात आले, आम्ही दोघे जेवलेलो नाही. त्याचे पैसे परत करावेत. टोप्याही धुऊन ठेवल्या आहेत, त्या घेऊन जाव्यात.