कंडेन्सर मायक्रोफोनमधील बदल: आपल्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

आपला आक्षेप थोडक्यात असा, की मी माझ्या लेखात कंडेन्सर मायक्रोफोनमधील कॅपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) व एफईटी (क्षीण संकेत पुढे नेणारा ट्रान्झिस्टर) बदलून ‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’ असे दोन नमुने ऐकवले. परंतु गायन दोन वेगळ्या दिवशीचे होते, दुसरा नमुना अधिक जोरात होता, आणि जो फरक ऐकू आला तो इक्वलायझरनेही (कंप्रता कमी-जास्त करणाऱ्या साधनानेही) साधला असता. यांतील पहिले दोन मुद्दे मला पूर्ण मान्य आहेत. आपले म्हणणे वाचल्यावर मी दोन्ही फाइली मोजल्या, तेव्हा दुसरी दीड डेसिबलने वरचढ निघाली. एवढी वाढ कानाला ‘मोठी’ वाटत नाही; ती ‘मोकळी’ आणि ‘भरदार’ वाटते, आणि लेखात मी नेमके हेच दोन शब्द वापरले होते.

म्हणून तुलना नव्याने केली. पंचवटीतील आमच्या घरी रात्री अकरानंतरच शांतता मिळते. त्या वेळी टाळांचे एकच ध्वनिमुद्रण स्पीकरवरून वाजवले, स्पीकर व स्टँड यांच्या जागा खडूने आखून ठेवल्या, प्रत्येक बदल एकेकटा केला आणि 1000 हर्ट्‌झच्या सुरावर पातळ्या जुळवून घेतल्या. फाइलींची नावे पुतण्याने बदलून दिली. मूळचा सिरॅमिक आणि मी हौसेने आणलेला पॉलिस्टायरिन कॅपॅसिटर यांतला कोणता हे ओळखण्याच्या 20 प्रयत्नांत माझी 11 उत्तरे बरोबर आली, म्हणजे छापा-काटा करूनही एवढीच आली असती. एक फरक मात्र खरा होता: चालू मायक्रोफोनमध्ये सिरॅमिक कॅपॅसिटरवर रिकाम्या रिफिलने टिचकी मारली की हेडफोनमध्ये ‘टक्’ असा आवाज येई, पॉलिस्टायरिनवर जवळजवळ काहीच नाही. पण गाताना मायक्रोफोनच्या पोटात टिचक्या कोण मारतो?

खरा बदल घडवला तो उंच कंप्रतांना उतार देणाऱ्या, अगदी किरकोळ किमतीच्या कॅपॅसिटरने. त्याचे कारण जुने आहे. नॉयमन या जर्मन कंपनीच्या 1960 मधील यू 67 या मायक्रोफोनच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागात, उंच कंप्रता उचललेल्या असतात आणि सर्किट त्या परत खाली आणते. आजच्या अनेक स्वस्त मायक्रोफोनांत कॅप्सूल त्याच धाटणीची, पण तिला जोडलेले सर्किट सपाट असते. त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात व टाळांचा किणकिणाट पत्र्यासारखा वाटतो. हा उतार इक्वलायझरने देता येतो, हे आपले म्हणणे बरोबर आहे. मी तो सर्किटमध्ये दिला, कारण हा मायक्रोफोन कीर्तनाच्या थेट प्रक्षेपणालाही जातो आणि तिथे मिक्सरवर कोण बसेल याचा नेम नसतो.

मात्र एफईटीबाबत मी आपल्याशी सहमत नाही. एकाच खोक्यातील दोन एफईटीही सारख्या विद्युतप्रवाहावर चालत नाहीत, आणि माझ्या मायक्रोफोनमध्ये ठरावीक रेझिस्टर लावून तो प्रश्न मिटवलेला होता. परिणामी ढोलाचा ठोका जवळून पडला की तरंगाचा एका बाजूचा माथा चपटा होत असे. ट्रिमर (फिरवून जुळवता येणारा रेझिस्टर) बसवून प्रवाह जुळवल्यावर तोच ठोका दोन्ही बाजूंनी पूर्ण उमटला. एकदा छाटला गेलेला तरंग इक्वलायझर कुठून परत आणणार?

श्रावणात या मायक्रोफोनमधून येणाऱ्या खरखरीबद्दल आपण विचारले आहे. तो दोष सर्वस्वी माझा. एक गिगाओहमच्या (अब्ज ओहमच्या) रेझिस्टरभोवती सोल्डरिंगचा फ्लक्स (डाख देताना वापरायचा चिकट पदार्थ) व बोटांचे ठसे राहिले होते. दमट हवेत त्या थरातून होणारी सूक्ष्म विद्युतगळतीसुद्धा इतक्या मोठ्या रोधाच्या ठिकाणी ऐकू येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून आणि पुढे त्या भागाला बोट न लावता काम केल्यावर खरखर थांबली.

पॉलिस्टायरिनच्या ‘रेशमी’ आवाजाविषयीचा परिच्छेद मूळ लेखातून काढला आहे. पातळी जुळवलेल्या नव्या फाइली त्याच जागी ठेवल्या असून, कोणती कशाची हे मुद्दाम लिहिलेले नाही. आपण ऐकून ओळखलीत तर अवश्य कळवावे.