एकच टेबल दोनदा

परवा माझी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला लिहून विचारलेला प्रश्न, रिव्ह्यूमधून परत आली. शेरा: ‘डुप्लिकेट टेबल. एक काढावे.’

एचआरला प्रत्येक माणसापुढे त्याच्या साहेबाचं नाव हवं होतं. साहेबही पगारीच, म्हणजे त्याच एम्प्लॉई टेबलात, कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात. तेव्हा टेबल स्वतःलाच जोडायचं, म्हणजे ‘जॉइन’ करायचं. एकदा ‘ई’ म्हणून, एकदा ‘एम’ म्हणून. ईचा मॅनेजर आयडी म्हणजे एमचा एम्प्लॉई आयडी. संपलं.

शेरा मारणारे अण्णा क्वालिटीचे. मी गेलो तेव्हा चहात खारी बुडवत होते.

“अण्णा, ही दोन टेबलं नाहीत. एकच आहे.”

“तेच म्हणतोय मी. मग दोनदा का?”

“एकदा माणसासाठी, एकदा त्याच्या साहेबासाठी.”

“साहेबांना वेगळं टेबल द्या.”

“साहेबालाही साहेब असतो ना!”

अण्णा गंभीर झाले. अप्रेझलचे दिवस आहेत. खारीचा तुकडा कपात बुडाला, तो चमच्याने शोधत म्हणाले, “आणि हे ई, एम कोण? आपल्या डेटाबेसमध्ये अशी टेबलंच नाहीत. मी शोधली.”

“टोपणनावं आहेत ती.”

“पॉलिसीत टोपणनावं बसत नाहीत.”

अण्णांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात आहे, हे मी बोललो नाही. दोन्ही टोपणनावं काढून क्वेरी त्यांच्यासमोरच चालवली. आमच्या मायएसक्यूएल डेटाबेसने लगेच एरर १०६६ फेकली: ‘नॉट युनिक टेबल/एलियास’. एलियास म्हणजे तेच, टोपणनाव.

अण्णांचा चेहरा उजळला. “बघा! तोही तेच म्हणतोय. युनिक नाही!”

ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसवर शिकलेल्यांना ‘स्कॉट’ या सरावाच्या खात्यातलं ‘ईएमपी’ टेबल आठवत असेल. माणसं १४. स्वतःशी साधा जॉइन केला की उरतात १३, कारण प्रेसिडेंट किंगला साहेबच नाही. त्याच्या मॅनेजरच्या रकान्यात नल, म्हणजे काहीच नाही. जोडी नसलेल्यालाही ठेवणारा लेफ्ट जॉइन लावला की तो परत येतो. त्या खात्याचा पासवर्ड ‘टायगर’, म्हणजे ज्या स्कॉटच्या नावाचं ते खातं, त्याच्या मांजराचं नाव. तिथे मांजराचं नाव जगभर चाललं, इथे माझं एक अक्षर चालत नाही. बरं, ओरॅकलला टेबलाच्या टोपणनावाआधी ‘अ‍ॅज’ लिहिलेलं खपत नाही, बाकीच्यांना खपतं. हे असलं सगळं आम्ही लक्षात ठेवायचं, आणि सही कोणाची? ज्यांनी जन्मात एक साधी सिलेक्ट क्वेरी लिहिली नाही त्यांची. वर ‘रिव्ह्यू रिजेक्शन’चा आकडा माझ्या नावावर. तो अप्रेझलमध्ये बरोब्बर दिसतो.

अण्णांनीच तोडगा काढला: टेबलाची कॉपी करा. केली. नाव, ‘एम्प्लॉई_२_फायनल’. क्वेरीला हिरवी खूण मिळाली. आता सकाळी कोणाचा साहेब बदलला, तरी कॉपीत दुसऱ्या दिवसापर्यंत जुनाच साहेब असतो, आणि एचआरच्या बाई फोन मला करतात. ती कॉपी रोज रात्री भरायचं कामही माझ्याकडेच आलंय.