आत्याचे कान

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. आज आमच्या वाड्यावरच्या अंगणवाडीत लसीकरण होतं. शेजारची सून ९ महिन्यांच्या लेकाला घेऊन आली आणि गोवर-रुबेलाची लस न देताच परत गेली. नवरा तारवटी, बोटीवर असतो. त्याने फोनवर बजावलेलं, "खोबरेल खाऊ नका म्हणून हेच डॉक्टर इतकी वर्षं ओरडत होते. आता तेच तेल औषध म्हणून बाटल्यांत विकलं जातंय. यांच्या लशीचा काय भरवसा?" नर्सबाई लशींचा निळा डबा पायाशी ठेवून नुसती बघत राहिली.

मला आत्या आठवली. बाबांची थोरली बहीण. पाच वर्षांची असताना तिला गोवर आला. घरच्यांनी कडुनिंबाचा पाला अंथरला, देवाला गाऱ्हाणं घातलं, अंगाला खोबरेल लावलं. पुरळ गेलं, पण कान फुटले आणि ऐकू येणं कायमचं बंद झालं. गोवराची पहिली लस अमेरिकेत आली ती १९६३ साली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तिच्यासाठी लस नव्हतीच हो! या बाळासाठी आहे, फुकट आहे, घरापासून पन्नास पावलांवर आहे.

तेलाचं म्हणाल तर मी नारळाच्याच बाजूची. आत्या अजून नारळ किसून, रस काढून, मंद जाळावर आटवून घरी तेल करते. तडतड तिला ऐकू येत नाही, म्हणून कढईशी वाकून बसते आणि वासावरून ओळखते चोथा कधी तांबूस झाला ते. पण खरं ते मानायला हवं. खोबरेलात ९० टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी असते आणि सूर्यफुलासारख्या तेलांपेक्षा त्याने रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल जास्त वाढतं. बाटलीवर काहीही छापलेलं असो. आणि हो, तज्ज्ञ चुकलेसुद्धा. वनस्पती तूप घराघरांत शिरलं, त्यातली ट्रान्स फॅट हृदयाला किती घातक हे कळायला दशकं गेली. २ टक्क्यांची मर्यादा आपल्याकडे आली ती २०२२ साली. लोक चिडले तर चूक नाही.

पण म्हणून लस नाकारायची? तेलाचा अभ्यास कठीणच असतो. माणूस हुमण-भात खातो, कुणी भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, राबतो, कुणी दिवसभर खुर्चीत बसतो. वीस वर्षांनी हृदय बिघडलं तर त्यात तेलाचा वाटा किती, हे कोण छातीठोक सांगणार? लशीचं तसं नाही. देवीचा रोग जगातून गेला. पोलिओच्या मूळ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना तो देऊ शकतो, म्हणून तर शंभरातल्या ९५ मुलांना लस मिळायला हवी. २०१७ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम देशात सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच राज्य-प्रदेशांत आपला गोवा होता. त्या गोव्यात आज शिकलेली माणसं खोबरेलाचा राग लेकरांवर काढतात, याचाच संताप येतो.

लिहिता लिहिता त्या पोरीवरचा राग मात्र उतरला. मागच्या लशीनंतर बाळ रात्रभर तापलेलं, ती एकटी पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसलेली. ताप का येतो, हे तिला कुणी धड सांगितलंच नव्हतं. मीही कधी विचारलं नाही, शेजारी राहून.

संध्याकाळी आत्याला घेऊन तिच्याकडे गेले. आत्याने बाळाच्या टाळूला आपलं तेल लावलं आणि पाठ वळवून वाटीवर झाकण ठेवायला लागली. तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. आत्याला कळलंच नाही, ती झाकण बसवत राहिली. सून तिच्या पाठीकडे बघत होती.

पुढच्या बुधवारी उपकेंद्रात लसीकरण आहे, मी येते बरोबर, असं म्हटलं. "आधी ह्यांना फोन करते," म्हणाली.